तळटीप : पेनी मार्शल

पेनी मार्शल (१९४३–२०१८) : न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्म. ‘लव्हर्न अँड शर्ली’ (१९७६–८३) या अमेरिकी विनोदी मालिकेत बीअरच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणे लावणारी लव्हर्न त्यांनी घराघरांत पोहोचवली. याच मालिकेच्या काही भागांपासून त्यांचे दिग्दर्शन सुरू झाले.

‘बिग’ (१९८८) हा त्यांचा दुसराच चित्रपट. स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाने अमेरिकेत १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. एका रात्रीत प्रौढ झालेला मुलगा टॉम हँक्सकडून त्यांनी फार हळुवारपणे साकारून घेतला. विनोदी अभिनयातले त्यांचे मुरलेपण तिथे जाणवते.

पुढच्या ‘अवेकनिंग्ज’ला (१९९०) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन लाभले, दिग्दर्शिकेला मात्र नाही. हा अन्यायच होता.