इनेसबाईंचा बाळंतविडा

आपल्याकडे मुलगा-मुलगी पहिल्यांदा एकमेकांना बघायची ती कांदेपोह्यांच्या साक्षीने. पोह्यांखेरीज साक्षीला दोन्हीकडचे आईवडील, एखादी आत्या, मध्यस्थ आणि पडद्याआड खिदळणारी धाकटी भावंडं. खोलीत लख्ख ट्यूबलाइट. साहेबाने यातून आधी माणसं वजा केली, मग उजेड वजा केला, आणि खाली जी शिल्लक उरली तिला ‘इटालियन रेस्टॉरंट’ असं नाव दिलं. दोघांपुरतं टेबल, इस्त्रीचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, एक मेणबत्ती आणि मांजराच्या पावलांनी फिरणारा वेटर. मेणबत्तीने प्रेम खुलतं असं कवी म्हणतात. आमच्यासारख्या आकडेमोडीत हयात गेलेल्या माणसाला मात्र संशय येतो, की मेनूकार्डाचा उजवीकडचा रकाना वाचता येऊ नये म्हणूनच ही सोय असावी.

ते काही असो. अशा जागी बसलेल्या जोडप्यांपुढे हटकून येणारा एक पदार्थ म्हणजे ‘फेत्तुचिने आल्फ्रेदो’. फेत्तुचिने म्हणजे छोट्या फिती. पिठाच्या चपट्या, लांब पट्ट्या, वर लोणी आणि चीज. पण यातला आल्फ्रेदो कोण? नाव ऐकून वाटतं, खिडकीखाली गिटार वाजवणारा कोणी कुरळ्या केसांचा प्रियकर असेल. प्रत्यक्षात तो एक काळजीत पडलेला नवरा होता.

आल्फ्रेदो दि लेलिओ रोमचा. पियाझा रोझा नावाच्या चौकात त्याच्या आईची खाणावळ होती, तिथे तो हाताखाली राबायचा. 1908 साली त्याला मुलगा झाला, आर्मांदो. पोर ठणठणीत, पण पोराची आई इनेस बाळंतपणात पार गळून गेली. अन्नावरची वासनाच उडाली. घरची मंडळी हकिकत सांगतात ती अशी, की आल्फ्रेदोने ताज्या फेत्तुचिने केल्या, त्यात भरपूर लोणी घातलं, पार्मिज्यानो चीज किसून घातलं आणि ती ताटली बायकोपुढे ठेवली. इनेसबाई जेवल्या.

आता तुम्हीच सांगा, हा प्रणयाचा पदार्थ झाला की डिंकाचा लाडू? आपल्याकडे बाळंतिणीला मऊ भात, वर तुपाची धार आणि मेतकूट देतात, त्याच जातकुळीतलं हे अन्न. इटलीत लोण्या-चीजचा पास्ता मुलांना आणि आजाऱ्यांना देण्याची रीत जुनीच आहे. मार्तिनो नावाच्या आचाऱ्याने पंधराव्या शतकातच लोणी-चीज घातलेली रोमन मॅकरोनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवली होती. म्हणजे आल्फ्रेदोने शोध असा काहीच लावला नाही. त्याने लोण्याचा हात सैल सोडला, एवढंच. पण बायको जेवत नाही म्हटल्यावर शोध लावत बसायला वेळ कोणाला असतो?

पुढे 1910 च्या सुमारास नव्या बांधकामासाठी पियाझा रोझाच पाडला गेला आणि 1914 साली आल्फ्रेदोने व्हिया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर स्वतःचं रेस्टॉरंट थाटलं. ‘स्क्रोफा’ म्हणजे डुकरीण. पहिल्या भेटीला मुलीला डुकरिणीच्या आळीत जेवायला नेणं ही कल्पना आपल्याकडे एकाही मध्यस्थाला पसंत पडणार नाही. पण आल्फ्रेदोने तिथे जेवणाचं नाटक केलं. नाटक म्हणजे खरोखरचं. वाफाळलेल्या फेत्तुचिने गिऱ्हाइकाच्या टेबलाशी आणायच्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत काट्या-चमच्याने खालीवर उचलत लोणी, चीज आणि थोडं पास्त्याचं पाणी यांची सायीसारखी एकजीव चटक उडवायची.

1920 साली मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे हॉलिवुडचं राजाराणीचं जोडपं मधुचंद्रासाठी युरोपात आलं, ते इथे जेवलं. मूकपटांचा जमाना. पडद्यावर तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, पण इथे तोंड भरून कौतुक केलं. 1927 साली त्यांनी आल्फ्रेदोला सोन्याचा काटा आणि चमचा भेट दिला, त्यावर तो ‘शेवयांचा राजा’ असल्याचं कोरून. झालं! त्यानंतर नटनट्यांची रीघ लागली आणि बाळंतिणीचं पथ्य मधुचंद्राचं पक्वान्न झालं. मेरीबाई आणि डग्लसराव यांचा घटस्फोट 1936 साली झाला. शेवयांच्या राजाचा किताब टिकला, राजाराणीचा संसार टिकला नाही.

पुढचा भाग खास कॉमर्सच्या विद्यार्थ्यांसाठी. 1943 साली, ऐन युद्धात, आल्फ्रेदोने ते रेस्टॉरंट आपल्याच दोन वेटरांना विकलं. धंदा विकला की नावलौकिकही जातो, ज्याला ताळेबंदात ‘गुडविल’ म्हणतात. पण 1950 साली आल्फ्रेदोने मुलाला, म्हणजे ज्याच्या जन्मापायी हे सगळं झालं त्या आर्मांदोला, हाताशी धरून पियाझा आउगुस्तो इंपेरातोरेत नवं रेस्टॉरंट काढलं. पाटी लावली ‘इल व्हेरो आल्फ्रेदो’, म्हणजे ‘खरा आल्फ्रेदो’! पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही रोमन पाटी पुण्यात पाहिजे होती, नजरचुकीने तिकडे लागली. आजही दोन्ही ठिकाणी चुली पेटलेल्या आहेत आणि दोघंही अस्सलपणाचा दावा सोडत नाहीत.

अमेरिकेत गेल्यावर या पदार्थाचं भाग्य आणखी फळफळलं. तिथे कोणी त्यात क्रीम ओतलं, कोणी लसूण, कोणी कोंबडी, आणि शेवटी तो बरणीत भरून वाण्याकडे विकायला ठेवला. रोममधल्या मूळ पदार्थात क्रीमचा थेंब नाही. आपल्या वरण-भातावर परदेशात कोणी चॉकलेट ओतलं तर आपल्याला जे वाटेल, ते रोमकरांना वाटत असणार.

आल्फ्रेदो 1959 साली गेला. मेणबत्तीच्या उजेडात त्याच्या नावाच्या फिती काट्याला गुंडाळणाऱ्या जोडप्यांना त्याचा पत्ता नसतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पहिल्या भेटीत माणूस केस नीट बसलेत का, खिशात पैसे पुरतील का, हे बघणार. समोरची व्यक्ती पुढेमागे आजारातून उठून उशीला टेकून बसेल आणि ‘नको मला काही’ म्हणेल, तेव्हा आपण काय करू, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी काढत नाही. काढला तर दुसरी भेट व्हायची नाही. पण ताटलीत वाढलेलं असतं ते त्याच प्रश्नाचं उत्तर.

पदार्थाला नाव मात्र नवऱ्याचं पडलं. बाळंत झाली ती, आणि नाव झालं याचं. दि लेलिओंच्या घराने ती चूक आपल्या परीने दुरुस्त केली. ‘खऱ्या आल्फ्रेदो’च्या नातवाचं नाव ठेवलं आल्फ्रेदो, आणि नातीचं इनेस.