जबडा पुढे धरणारे उपकरण

झोपेत जीभ व खालचा जबडा मागे सरकून घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा अधिक अडतो. हाच अडथळ्याचा स्लीप अ‍ॅप्निया. यावरचे उपकरण म्हणजे दातांच्या मापावर बनवलेले जोडसाचे; ते रात्री दातांवर चढवले की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो आणि जिभेमागची वाट उघडी राहते. तासाला 5 ते 30 अडथळे असतील किंवा सीपॅप या दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा मुखवटा सोसत नसेल, तर ते उपयोगी. तीव्र आजारात सीपॅपच सरस. पूर्ण कवळी असलेल्यांना बहुधा निरुपयोगी. सकाळी जबडा आंबतो, वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवणही किंचित बदलते. निद्राचाचणी आधी, दातांचे माप नंतर. नुसत्या घोरण्यावरून साचा करून घेऊ नये.