जुना खेळण्यातला सैनिक कोणी बनवला, हे कसं ओळखायचं?

करी रोड, लालबाग, परळ भागातल्या जुन्या चाळी रीडेव्हलपमेंटला जाताना पोटमाळे रिकामे होतात. पितळेची भांडी आणि ट्रंकांबरोबर कधीकधी एखादा डबाही निघतो. त्यात रंग उडालेला घोडेस्वार, हात तुटलेला बंदूकधारी, प्लास्टिकचा कमांडो, मातीचा मावळा असं काहीबाही असतं. बहुतेक वेळा हा डबा भंगारात जातो, नाहीतर घरातल्या लहान मुलाच्या हातात. दोन्ही करण्याआधी ती वस्तू कोणी आणि कशापासून बनवली, हे पाहून घ्यायला हवं. कारण काही सैनिकांना जगभरात संग्राहक आहेत आणि काहींमध्ये शिसं आहे.

सुरुवात कशापासून करायची?

चेहरा किंवा गणवेश नंतर बघा. आधी सैनिक कशाचा आहे ते ठरवा. त्यासाठी तीन सोप्या गोष्टी पुरतात.

- वजन : आकाराच्या मानाने जड आणि राखाडी रंगाचा असेल, तर तो शिशाच्या मिश्रधातूचा असण्याची शक्यता जास्त.
- लोहचुंबक : चुंबक चिकटला तर पत्रा किंवा लोखंड. शिसं आणि प्लास्टिकला तो चिकटत नाही.
- तुटलेली जागा : आत भुसा आणि तार दिसली तर तो लगद्याचा. लालसर माती दिसली तर भाजलेला. पांढरी भुकटी निघाली तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा.

जागा तुटलेली नसेल तर मुद्दाम खरवडू नका. त्याने रंग जातो आणि शिसं असेल तर त्याची धूळ हवेत उडते.

तळ काय सांगतो?

आता सैनिक उलटा करा. कंपनीचं नाव बहुतेक वेळा पायाखालच्या पट्टीवर किंवा घोड्याच्या पोटावर असतं.

शिशाच्या सैनिकांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध नाव लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचं. 1893मध्ये या कंपनीने पोकळ ओतकामाची पद्धत आणली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर घट्ट झाला की आतला पातळ धातू परत ओतून काढायचा. धातू कमी लागल्यामुळे सैनिक हलका आणि स्वस्त झाला. तोवर या बाजारावर जर्मन कारखान्यांचं वर्चस्व होतं, ते या पद्धतीने मोडलं. ब्रिटन्सचा नेहमीचा उभा सैनिक साधारण 54 मिलिमीटरचा असतो. त्याचा एक हात बऱ्याचदा वेगळा ओतून खांद्याला बसवलेला असतो आणि तो वर-खाली फिरतो.

सुरुवातीच्या ब्रिटन्स सैनिकांवर काहीच खूण नसे. इतर कारखाने नकला करू लागल्यावर 1900च्या सुमारास तळाला कागदी लेबल आलं. पुढे तोच मजकूर धातूत उठावाने येऊ लागला. त्यात ‘कॉपीराइट’, विल्यम ब्रिटन ज्युनियर हे नाव आणि तारीख असते.

त्याच काळातल्या जॉन हिल अँड कंपनीच्या सैनिकांवर ‘जोहिल्को’ हे नाव सापडतं. पॅरिसच्या मिन्यो कंपनीची खूण ‘सीबीजी’ या तीन अक्षरांची. जर्मनीच्या हाउसर कंपनीच्या लगद्याच्या सैनिकांवर ‘एलास्टोलिन’ लिहिलेलं असतं.

तळावरचं वर्ष म्हणजे बनवल्याचं वर्ष का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कॉपीराइटची तारीख त्या डिझाइनची असते आणि एकच साचा पुढे कित्येक वर्षं वापरला जातो. म्हणजे ही तारीख एवढंच सांगते की हा सैनिक त्याआधीचा नाही.

खोका शिल्लक असेल तर त्यावरचं पलटणीचं नाव जास्त उपयोगी पडतं. ब्रिटन्सच्या सुरुवातीच्या भारतीय सेटमध्ये ‘फर्स्ट बॉम्बे लान्सर्स’ हे घोडदळ होतं. ही खरी पलटण. 1903च्या फेररचनेत तिचं नाव ‘31वी ड्यूक ऑफ कॉनॉट्स ओन लान्सर्स’ झालं. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला ती 32व्या लान्सर्समध्ये मिसळून 13वी पलटण तयार झाली. त्यामुळे खोक्यावर ‘13वी’ असेल, तर तो खोका या विलीनीकरणाआधीचा असूच शकत नाही. रिकामा, फाटका खोकाही फेकू नये, तो यासाठीच.

खूणच नसेल तर?

मग बनावट बघावी लागते. ड्रेस्डेनच्या हायडे कारखान्याचे सैनिक भरीव असत आणि त्यांच्यावर सहसा नाव नसे. एकाच सेटमध्ये चालणारे, बसलेले, तंबू ठोकणारे असे अनेक पवित्रे देणं ही हायडेची खासियत. हा कारखाना 1945च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला.

नक्कल ओळखण्याची एक युक्ती मापाची आहे. मूळ सैनिकावरून साचा घेऊन पुन्हा ओतलं, की थंड होताना धातू आकसतो. त्यामुळे नक्कल मूळ सैनिकापेक्षा किंचित लहान भरते, शिवाय चेहऱ्याचे आणि पट्ट्यांचे कंगोरे बोथट होतात.

प्लास्टिकचे सैनिक भारतीय असू शकतात?

हो. गिरणगावातल्या घरांत ब्रिटन्सच्या अख्ख्या सेटपेक्षा हेच सापडण्याची शक्यता जास्त आहे. 1980 आणि 90च्या दशकांतल्या मुलांना ‘जी. आय. जो’ आठवत असतील. साधारण पावणेचार इंच उंचीचे, गुडघे-कोपर वाकणारे हे सैनिक मूळ अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीचे. भारतात ते फनस्कूलने बनवले. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून ही कंपनी सुरू झाली आणि तिचा कारखाना गोव्यात आहे.

भारतीय आवृत्तीतल्या अनेक सैनिकांचे रंग अमेरिकन सैनिकांपेक्षा वेगळे होते. त्यामुळेच परदेशी संग्राहक त्यांच्या शोधात असतात. ओळखण्यासाठी पाठीवरचा मजकूर वाचा, पण तिथलं वर्षही डिझाइनचंच असतं. ज्या पुठ्ठ्यावर सैनिक पॅक केलेला असे, तो सापडला तर फनस्कूलचं नाव त्यावर मिळेल.

मातीच्या मावळ्यांचं काय?

महाराष्ट्राचा स्वतःचा खेळण्यातला सैनिक म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा. चाळीच्या अंगणात दगड-मातीचा किल्ला, त्यावर पेरलेले अळीव, वर सिंहासनावर शिवाजी महाराज आणि उतारावर भाले घेतलेले मावळे. दिवाळीच्या आधी लालबाग-दादरच्या बाजारांत ते आजही विकायला येतात.

त्यांच्यावर कारागिराचं नाव सहसा नसतं. हा हंगामी माल. साच्यात दाबून घडवायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि नगावर विकायचा. किल्ला मोडला की बरेच मावळेही मोडतात, म्हणून जुने फार कमी उरतात.

बारकाईने पाहिलं तर काही धागे हाती लागतात. दोन्ही कडांवरून रेघ जात असेल तर साचा दोन भागांचा. आत पोकळ असेल आणि तळाला भोक असेल तर भिंत पातळ ठेवून बनवलेला. दोन मावळ्यांच्या चेहऱ्यावर तोच टवका किंवा तोच फुगवटा दिसला, तर ते एकाच साच्यातून आले असावेत. रंग हाताने दिलेला असल्यामुळे मिशा आणि डोळ्यांची धाटणी रंगवणाऱ्याची ओळख देते. पण नाव मात्र वस्तूवरून कळत नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांनाच माहीत असू शकतं: मावळे कुठल्या बाजारातून, कुणाकडून आणि साधारण कोणत्या वर्षी आणले होते.

घरी सापडले तर काय करावं?

- शिशाचे सैनिक मुलांना खेळायला देऊ नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. ब्रिटनमध्ये शिशाच्या खेळण्यांचं उत्पादन 1960च्या दशकात थांबलं, ते याच धोक्यामुळे.
- पुन्हा रंगवू नका, घासून चकाकी आणू नका. मूळ रंग हाही पुरावा असतो आणि किंमत बरीचशी त्यावरच ठरते.
- शिशावर पांढरी भुकटी दिसली तर तो धातू झिजत असल्याची खूण आहे. लाकडातून, विशेषतः ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने हे होतं. असे सैनिक बंद लाकडी कपाटात ठेवू नका.
- तळ, पाठ, हाताचा सांधा आणि खोका यांचे फोटो काढा, उंची मोजून ठेवा. विकायचं ठरवलं तर चोर बाजारात किंवा लिलावात पहिले प्रश्न याबद्दलच येतात.
- डब्यात एक चिठ्ठी ठेवा. कोणाचा सैनिक, कुठून आणला, कोणत्या सुमारास, एवढं लिहिलं तरी पुरे.

ब्रिटन्सची माहिती याद्यांमध्ये आणि पुस्तकांमध्ये सापडते. मावळे घडवणाऱ्याची अशी यादी नाही. त्यामुळे चाळ रिकामी होताना सगळ्यात आधी चिठ्ठी लिहायची ती मातीच्या मावळ्यासाठी.