पंपाचं कूळ

तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटली की बोईसरच्या औषधाच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते, "निळा पंप द्या." दम्याच्या माणसाला तो खिशात नसेल तर चैन पडत नाही.

या पंपाचं कूळ शोधत गेलं की आधी भेटतो धोतरा, पालघरच्या कुठल्याही उकिरड्यावर उगवणारा. त्याचा धूर ओढला की आवळलेल्या श्वासनळ्या सैल पडतात. मात्रा चुकली तर भ्रम होतो, जीवही जातो. १८०२ च्या सुमारास मद्रासमधल्या इंग्रजांनी ही युक्ती विलायतेला नेली आणि तिकडे दम्याच्या विड्या शंभराहून अधिक वर्षं विकल्या गेल्या. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत? वर्षभरात पंप बाजारात आला. १९६९ मध्ये त्यात साल्ब्युटामॉल आलं. तेच निळ्या पंपात असतं.

पण ही सगळी भावकी नळ्या मोकळ्या करणारी. आतली सूज तशीच राहते.

खरं तर फुप्फुसाची राखण सूज न आणता चालते. धूळ आधी नाक अडवतं, मग नळ्यांतले सूक्ष्म केस कफासकट ती वर ढकलतात. त्यातूनही वायुकोशात पोचलेला कण भक्षक पेशी गिळतात, तेही गाजावाजा न करता. मला हा त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. वायुकोशाची भिंत इतकी पातळ, की कणागणिक सूज आली तर माणूस गुदमरेल. म्हणून याच पेशी सूज दाबणारे रेणू सोडतात. नियामक टी पेशी त्यांना साथ देतात. या टी पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. शिवाय मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतलं कॉर्टिसॉल सगळ्यावर लगाम ठेवतं. रात्री ते उतरतं. दमा पहाटे उसळतो त्याचं हे एक कारण.

दम्यात निरुपद्रवी कणावरही शरीराची फौज तुटून पडते आणि सूज येते. आणि तारापूरची हवा काही निरुपद्रवी नाही: हवा, पाणी, जमीन मिळून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत ही वसाहत ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत प्रदूषित ठरली.

या सुजेवरचा उपाय दुसऱ्या वाटेनं आला. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिसॉलचंच भावंड असलेलं कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला टोचलं आणि सूज ओसरली. १९७२ मध्ये त्याच कुळातलं बेक्लोमेथासोन पंपात बसलं. म्हणजे या दुसऱ्या, सूज उतरवणाऱ्या पंपात शरीराच्याच लगामाची नक्कल आहे. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, थेट नळ्यांवर. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

या दुसऱ्या पंपानं लगेच मोकळं वाटत नाही, म्हणून माणसं तो सोडतात आणि निळ्यावर दिवस काढतात. नुसत्या निळ्यावर राहू नका, असं दम्याची जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून बजावते आहे. निळा पंप देताना दुकानदारानं "दुसरा चालू आहे ना?" एवढं विचारलं, तरी बोईसरात कितीतरी रात्री सुखाच्या जातील.