मूठभर धान्य आणि एक पंगत

ज्ञातीच्या वसतिगृहासाठी व्यापारी बांधवांपुढे झोळी पसरताना आम्हांस साताऱ्याचे स्मरण होते. भाऊराव पाटील हे प्रथम ओगल्यांचा काचमाल व पुढे किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडले. अक्षरशत्रू शेतकऱ्याची दैना त्यांनी या फिरतीतच पाहिली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह निघाले. मुलांच्या जेवणाची सोय? खेड्यांतील आयाबहिणी मूठमूठ धान्य बाजूस काढून ठेवीत, तोच मुष्टिफंड. तोही अपुरा पडे तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रही राखिले नाही. आमच्या देणगीदारांच्या याद्यांत अशा बायकांची नावे क्वचितच छापली जातात!

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून ज्ञातवार वसतिगृहांस आश्रय दिला, आणि आमची संस्था त्याच धर्तीवरची. साताऱ्यास मात्र सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. १९२७ साली गांधीजींनी त्या गृहास शाहू छत्रपतींचेच नाव दिले. आमच्या नियमांत ‘केवळ ज्ञातीय विद्यार्थी’ हे शब्द अद्याप आहेत. येत्या वार्षिक सभेत ते काढण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत.