बारीक होण्याच्या गोळीची गोष्ट

आमच्या दिंडोरीकडच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून डबी काढली. नाशिकहून आणलेली, वर लिहिलेलं ‘वनौषधी, महिन्यात वजन कमी’. आत काय आहे ते कुठेच नाही. ताईंची छाती धडधडायची, झोप उडालेली. म्हणून आम्ही या गोळ्यांचा इतिहास शोधायला बसलो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाच्या पदार्थाने कामगार बारीक होत. काही तर अंग तापून मेले. तरी १९३३ नंतर अमेरिकेत त्याच्याच गोळ्या खपल्या. कित्येक तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले, तेव्हा कुठे १९३८ मध्ये त्या थांबल्या.

पुढे फेनफ्लुरामीन आली. ती हृदयाच्या झडपा बिघडवते हे १९९७ मध्ये उघड झालं, आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे बंदी आली. मग सिब्युट्रामीन. तिने भूक मरायची, पण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढायचा. २०११ मध्ये आपल्या सरकारने तीही बंद केली. मात्र नंतरही ‘वनौषधी’च्या डब्यांत ती लपवलेली जगभर सापडली आहे. ताईंच्या डबीत तीच असेल असं आम्ही म्हणत नाही.

ऑर्लिस्टॅट अजून मिळते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ती खाल्लेल्या तेलातुपाचा साधारण पाव हिस्सा पचू देत नाही. तो तेलकट शौचावाटे जातो, कधी अचानक. द्राक्षबागेत दिवसभर मजुरी करणाऱ्या बाईने तेव्हा जायचं कुठे? शिवाय वजन उतरतं ते थोडंच, आणि गोळी थांबली की बहुधा परत चढतं.

ताईंनी गोळ्या थांबवल्यात. डबी मात्र टाकलेली नाही. सोमवारी ती घेऊन आम्ही दोघी-तिघी त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात जाणार आहोत.