दोन सुताचा पत्रा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात लागलो, तेव्हा माझे सारे शिक्षण मिलिमीटरमध्ये झाले होते. शॉपमधले मिस्त्रीकाका मात्र पत्रा मागायचे सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वाफेचा दाब कुणी ‘शंभर पौंड’ सांगे, कुणी ‘सात किलो’. दोघेही बरोबर असत, कारण दर चौरस इंचाला १०० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७.०३ किलो.

बाजारातून शेर-मण तसे लवकर गेले. मोजमापांचा कायदा १९५६ चा. नवे पैसे १९५७ च्या एप्रिलमध्ये आले, किलोग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. इंच कारखान्यात टिकला, कारण यंत्रे आणि नियम दोन्ही विलायती वळणाचे. आपला बॉयलर कायदा १९२३ चा. थेट २०२५ मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. जुन्या ब्रिटिश सूत्रांत पत्र्याची जाडी इंचाच्या बत्तिसाव्या भागांत आणि पोलादाची ताकद चौरस इंचाला टनांत धरत. त्यात मिलिमीटर घातले की उत्तर भलतेच येणार.

अमेरिकेत १९०५ साली ब्रॉकटन गावच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे गेली. त्या धक्क्यानंतर कायदे झाले आणि १९१४ मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची, एएसएमईची, बॉयलर संहिता तयार झाली. तिचे जाडीचे सूत्र मला नेहमीच सुंदर वाटत आले. दाब आणि ताण एकाच एककात घ्या, एकक आपोआप छेदले जाते. त्रिज्या इंचात घातली तर जाडी इंचात, मिलिमीटरमध्ये घातली तर मिलिमीटरमध्ये. आपल्याकडच्या १९६९ च्या आयएस २८२५ मध्ये मात्र सूत्राच्या छेदात २०० हा आकडा आहे. नवी मुले विचारतात, हा कुठून आला? त्यातला २ व्यासामुळे. आणि दाब चौरस सेंटिमीटरला, पण ताण चौरस मिलिमीटरला किलोत मोजतात, म्हणून शंभर. उद्या कुणी दोन्ही आकडे मेगापास्कलमध्ये घालून २०० तसाच ठेवला, तर जाडी शंभर पटींनी कमी येईल. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. माझी दिसली नव्हती.

एका जुन्या अमेरिकी टाकीच्या जागी तशीच नवी बनवायची होती. मूळ ड्रॉइंगवर पत्रा पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मी ६ लिहून मोकळा झालो. मिस्त्रीकाका कागद घेऊन वर आले.

‘‘सायेब, जुना पत्रा दोन सुती हाय. ह्यो सहाचा बारीक व्हतोय न्हवं?’’

‘‘काका, तेवढ्यानं काय होतंय?’’

‘‘मला काय म्हाईत? तुमी बघा की.’’

बघितले. आतला व्यास ४२ इंच, दाब १०० पौंड, पोलादाचा मान्य ताण १३,७५० पौंड, वेल्डच्या जोडाची कार्यक्षमता ८५ टक्के. दाबासाठी हवी ४.५९ मिलिमीटर जाडी. गंजासाठी राखलेला इंचाचा सोळावा भाग १.५९. बेरीज ६.१७ च्या वर गेली. पाव इंचाचा पत्रा पास, सहाचा नापास. टाकी पहिल्या दिवशी फुटली नसती, हे खरे. तूट गंजाच्या वाट्यातून गेली असती, आणि आयुष्याची शेवटची काही वर्षे ती टाकी कागदावर सुरक्षित आणि प्रत्यक्षात पातळ राहिली असती. तिच्याजवळ पाळीला कोण उभे असेल, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

आमच्या गोदामात सहानंतरचा पत्रा थेट आठचा होता. वजन एक-तृतीयांशाने वाढले, खर्चही. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टाकी आठच्याच पत्र्याची झाली. तिच्या गेजच्या तबकडीवर दोन वर्तुळे होती, बाहेर पौंड, आत किलो. मिस्त्रीकाकांनी काचेवर बारीक ब्रशने एकच लाल रेघ ओढली. ती १०० वरूनही जात होती आणि ७ वरूनही.